मोडीतला मारुती

जिन्यातच चिंचेचा वास आला.

आमच्या त्या जिन्याला एरवी दोनच वास असत, उकडलेल्या कोबीचा आणि ओल्या बुटांचा. फेब्रुवारी महिना, जर्मनीतल्या हार्त्स डोंगरातलं लहानसं गाव, बाहेर घोट्यापर्यंत बर्फ, आणि तिसऱ्या मजल्यावरून चक्क चिंचेचा वास. मला वाटलं, आईंनी आमटी टाकली असणार. नाशिकहून येताना त्यांनी चिंचेचा एक गोळा आणला होता आणि तो सोन्यासारखा जपून वापरत होत्या. आज सुनेची दया आली वाटतं, असं म्हणत मी दार उघडलं.

आमटी नव्हती. स्वयंपाकघरातल्या रेडिएटरवर माझा पांढरा टॉवेल पसरलेला होता आणि त्यावर ओळीनं नाणी मांडली होती. तांब्याची, लालभडक, घासूनपुसून लख्ख केलेली.

"आलीस? बघ आता," आई पदराला हात पुसत म्हणाल्या. "कशी उजळलीत! उगाच डोळे फोडून घेत होतीस आठवडाभर."

माझ्या हातातली पिशवी सुटली. बटाटे पार टेबलाखालपर्यंत गेले.

"आई, हे काय केलंत?"

"काय केलं म्हणजे? घासली."

"कशानं?"

"कशानं म्हणजे काय गं, तांबं कशानं घासतात? चिंच आणि मीठ. इथं दुसरं मिळतंय काय!"

मी खुर्चीत बसले. खरं म्हणजे पडले. ती नाणी माझी नव्हती. ती गावच्या म्युझियमची होती, दोन-अडीचशे वर्षांची होती, आणि माझ्या हाती देताना तिथल्या हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रान्डेसनी मला एकच सूचना दिली होती: काहीही करा, पण घासू नका.

ही नाणी माझ्या स्वयंपाकघरात कशी आली ते सांगायला हवं. जयवंत तिथल्या पंपाच्या कारखान्यात इंजिनिअर होता आणि लग्न होऊन मी त्याच्यामागून गेले होते. इतिहासात एम. ए. केलेली, जर्मनचे वर्ग केलेली मी, दोन वर्षं त्या फ्लॅटमध्ये पडदे धुवून वाळत घालत होते. खिडकीसमोरच्या घरातली बाई किती वाजता गालिचा झटकते, हे मला पाठ झालं होतं. मग एकदा जुन्या टांकसाळीतलं म्युझियम बघायला गेले आणि तिथल्या हेर ब्रान्डेसशी गप्पा जमल्या. ते निवृत्त शाळामास्तर. उंच, कायम खोकणारे, कोपरावर चामड्याची ठिगळं लावलेला कोट घालणारे. त्यांनी मला कामावर घेतलं ते आधी नुसतं बघू म्हणून.

पूर्वी जर्मनीत आपल्या सांगली-जमखंडीसारखी शेकडो संस्थानं होती. प्रत्येकाची आपली टांकसाळ आणि आपलं नाणं. सोन्याचांदीची नाणी राजेरजवाड्यांची, पण पाव आणि बिअर घ्यायला लोकांच्या खिशात असायचा तो तांब्याचा फेनिग. गावातल्या जुन्या बेकरीची फरशी उकरताना अशा फेनिगांचं मडकंच्या मडकं सापडलं होतं. काळीहिरवी, एकमेकांना चिकटलेली. एकेक नाणं बघायचं, त्यावरची अक्षरं लावायची, साल शोधायचं, चित्राचं वर्णन लिहायचं. हे माझं काम. सोमवारी गावच्या समितीची बैठक होती आणि तीत मला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. समितीतल्या एका गृहस्थांनी आधीच विचारलं होतं म्हणे, की परदेशी बाईच्या हातात गावचे पैसे द्यायचे का? ब्रान्डेस त्यांना म्हणाले होते, "तिची हमी माझी."

त्यातच म्युझियमचा बॉयलर बिघडला. तिथं बसून काम करणं अशक्य झालं. तेव्हा ब्रान्डेसनी एक पेटी माझ्या हाती दिली आणि म्हणाले, घरी बसून करा, शनिवारी चारला परत आणा.

आणि आज शनिवार होता. घड्याळात दोन वाजून गेले होते. जयवंत कामानिमित्त हॅनोव्हरला. घरात मी आणि आई.

"अहो, पण मला विचारायचंत तरी!"

"विचारलं की. परवा विचारलं नाही का, हे कसलं गं? तू म्हणालीस, मोड आहे, आई. जुनी मोड."

मी कपाळावर हात मारला. म्हणाले होते खरं. पुण्यातल्या मास्तराची मुलगी मी. आमच्याकडे मोड म्हणजे सुटे पैसे. पण आई नाशिकच्या तांबटांच्या घरातल्या, माहेर तांबटाचं आणि सासरही तांबटाचं. त्यांच्याकडे मोड म्हणजे फुटकी भांडी, चेपलेले हंडे, लोकांनी नव्या भांड्याच्या बदल्यात आणून टाकलेलं जुनं तांबं.

"मोड आली की आधी चिंचेनं घासायची," त्या समजूत घातल्यासारख्या सांगत होत्या. "म्हणजे खरं तांबं की भेसळ ते कळतं. आमच्याकडे पोरीसोरीसुद्धा करायच्या हे. आणि तुला अक्षरं लागत नव्हती ना? रोज उसासे टाकत होतीस. म्हटलं, एवढ्याशा कामासाठी काय उसासे टाकायचे."

"आई, यावरचा काळा थर हीच यांची किंमत असते. तो शंभर-दोनशे वर्षांनी चढतो. तो काढला की संपलं."

"मळाची किंमत?" आईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "दोनशे वर्षं कुणी घासलं नाही म्हणून जास्त पैसे?"

खुर्चीवरून खाली उतरून मी एक बटाटा उचलला.

"बरं, एखाद-दुसरं घासून थांबला असतात तरी!"

"थांबणारच होते," त्या म्हणाल्या आणि त्यांनी टॉवेलावरचं एक नाणं उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. "पण पहिल्यातूनच हा निघाला. बघ ना."

मी बघितलं. आठवडाभर भिंग लावून जो डाग मला खांब वाटत होता, तो खांब नव्हता. एक उघडा, केसाळ, दणकट पुरुष. पाय रोवून उभा, आणि हातात मुळासकट उपटलेलं झाड.

"मारुती," आई म्हणाल्या. "आणि आज वार कोणता? शनिवार. एक मारुती घासून बाकीचे तसेच घाणीत ठेवायचे? मला नाही बाई जमलं."

तो मारुती नव्हता. तो त्या डोंगरातला रानमाणूस, तिथल्या खाणवाल्यांच्या दंतकथांतला, म्हणून संस्थानानं नाण्यावर घातलेला. पण हे मी त्यांना सांगितलं ते फार पुढं. त्या वेळी मला रडू यायला लागलं होतं. आणि मी रडलेही, बटाट्यांमध्ये बसून.

आई गडबडल्या. आमचं तसं फारसं जमलेलं नव्हतं. भांडण नव्हतं, पण जवळीकही नव्हती. प्रेमविवाह, त्यात मी जातीबाहेरची. त्यांनी विरोध केला नाही, एवढंच. आल्यापासून आमचं बोलणं भाजीत मीठ किती आणि आज बर्फ पडेल का यापलीकडे गेलं नव्हतं. माझ्यापुढं रडणं त्यांना अवघड होतं आणि त्यांच्यापुढं रडणं मला. तरी त्या खाली बसल्या आणि बटाटे गोळा करायला लागल्या.

"नोकरी जाईल का गं?"

"जाणारच."

त्यांनी विचार केला. मग म्हणाल्या, "काळीच पाहिजेत ना त्यांना? तवा तापवते. काजळी धरते. तासाभरात होती तशी काळीकुट्ट करून देते."

मी क्षणभर खरोखर विचार केला, हे कबूल करते. मग हसायला आलं आणि हसता हसता परत रडायला आलं.

साडेतीनला आम्ही निघालो. मी एकटीच जाणार होते, पण आई आधीच लुगड्यावर जयवंतचा जुना ओव्हरकोट चढवून दारात उभ्या होत्या. डोक्याला मफलर, हातात त्यांची कापडी पिशवी. नको म्हणायचीसुद्धा सोय ठेवली नव्हती.

बर्फातून जपून चालताना मी त्यांना बजावलं. "तिथं तुम्ही काही बोलायचं नाही. मी सांगेन की मीच घासली."

"तू का म्हणून?"

"कारण पेटी मला दिली होती. दुसऱ्याच्या हाती गेली म्हटलं तर ते आणखी वाईट. त्यांनी माझी हमी घेतलीय, आई. त्यांना खाली बघायला लागायला नको समितीपुढं."

"खोटं बोलायचं, मास्तरापुढं?"

"हो."

आईंनी मफलर आवळला आणि पुढं चालू लागल्या. चौकातल्या बेकरीवाल्या बाईनं काचेतून हात हलवला तेव्हा मात्र त्यांनीही हलवला. त्या बाईशी त्यांची गट्टी होती. रोज सकाळी पाव आणायला जाऊन तिच्याकडून एकेक शब्द शिकून यायच्या. पहिल्या दिवशी आल्या त्या हसतच. "अगं, हे लोक 'मी' म्हणायला काय म्हणतात माहितेय? इश! चांगला बाप्या माणूस, छातीला हात लावून म्हणतो, इश! लाजतात की काय स्वतःला?" तेव्हा मी हसले होते. आज बर्फाकडे बघत चालत होते.

टांकसाळीचं दार जाड ओकच्या लाकडाचं. आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी. ब्रान्डेस ओव्हरकोट, हातमोजे आणि टोपी घालून टेबलाशी बसले होते. आम्हाला बघून उठले. आईंपुढं हात केला. आईंनी नमस्कार केला. मग ब्रान्डेसनी हातमोजे काढून नमस्कार केला आणि आईंनी हात पुढं केला. असं दोनदा चुकून शेवटी दोघंही नुसती मान हलवून बसली.

मी पेटी टेबलावर ठेवली. उघडायला हात होईना, म्हणून त्यांनीच उघडली.

चष्मा काढला, पुसला, परत लावला. एक नाणं उचलून खिडकीकडे नेलं. पाठ आमच्याकडे. खोकले.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं. रागानं नाही. थकल्यासारखं.

मी म्हटलं, "इश." म्हणजे, मी.

आणि माझ्या शेजारून, त्या गारठलेल्या दगडी खोलीत दणदणीत आवाज आला, "नाय नाय! इश! इश!"

आई उभ्या होत्या. जयवंतच्या ओव्हरकोटावर छातीशी थापट्या मारत होत्या. "ही नव्हे. इश! मी, मी! सांग त्यांना, शरयू. इश म्हणजे मीच ना?"

"आई, बसा खाली."

"बसत नाही. मी कामधंद्याच्या घरातली बाई. मी केलेलं मी केलं म्हणते. तू माझं भाषांतर कर, आणि नीट कर."

ब्रान्डेस एकदा माझ्याकडे, एकदा आईंकडे बघत होते. "त्या काय म्हणतायत?"

"त्या म्हणतायत," मी म्हटलं, "की त्यांना फार वाईट वाटतंय."

"वाईट वाटतंय असं मी नाही म्हटलं," आई म्हणाल्या. कसं कळलं त्यांना, देव जाणे. "त्यांना विचार, एवढा मारुती पेटीत कोंडून का ठेवलाय? ना तेल, ना शेंदूर. आणि घरातलं तांबं कुणी असं ठेवतं का?"

"त्या म्हणतायत, त्यांच्या देशातही असा एक झाडवाला आहे. फार आदरणीय."

"रानमाणूस? तुमच्याकडे?" ब्रान्डेसचा थकवा जरा उतरला. "उघडा? केसाळ?"

"जवळजवळ."

"त्यांनी कशानं घासलं? आम्ल? यंत्रानं?"

मी आईंना विचारलं. आईंनी पिशवीत हात घातला, कागदात गुंडाळलेला चिंचेचा उरलेला लहानसा गोळा काढला आणि तो टेबलावर, पेटीतल्या फेनिगांच्या शेजारी ठेवला. ब्रान्डेसनी तो बोटांनी चाचपला. हुंगला. आणि मी थांबवायच्या आत एक तुकडा तोडून तोंडात टाकला.

त्यांचं तोंड जे झालं ते मी आजही डोळे मिटून बघू शकते. डोळे बारीक, गाल आत, टोपी मागं सरकलेली. आई आनंदल्या. "आंबट आहे म्हणावं! बिया काढा!"

"वाइनश्टाइन!" ब्रान्डेस ओरडले.

"कोण?" आई म्हणाल्या.

ते उठले, आम्हाला हातानं खूण केली आणि खोकत खोकत शेजारच्या खोलीत निघाले. तिथं जुनं नाणी पाडायचं दाबयंत्र होतं, शिक्के होते, आणि कोपऱ्यात विटांच्या चुलीवर एक तांब्याची मोठी कढई होती. ती मी अनेकदा पाहिली होती. ती कशाची, हे मला कधी सुचलं नव्हतं विचारायला.

ब्रान्डेस बोलू लागले आणि मी भराभर सांगू लागले. तांब्याचे पत्रे तापवून, ठोकून, गोल चकत्या कापल्या की त्या काळ्या पडलेल्या असायच्या. तशाच शिक्क्याखाली घातल्या तर नाणं मळकट निघणार. म्हणून आधी त्या या कढईत उकळायच्या. पाण्यात घालायचं मीठ आणि वाइनश्टाइन. म्हणजे वाइनच्या पिंपाच्या आतल्या बाजूला जी आंबट खरवड धरते ती. त्यानं चकत्या लखलखीत व्हायच्या.

"जीभ सांगते," ते म्हणाले. "हेच आम्ल तुमच्या त्या काळ्या फळात आहे. तेच! तेच मीठ, तेच आंबट!"

मी भाषांतर संपवलं. आईंनी कढईत वाकून बघितलं, तिच्या काठावरून बोट फिरवलं, आणि सरळ उभ्या राहिल्या.

"म्हणजे चिंच-मीठच की. त्यांच्याच बापजाद्यांनी केलं तेच मी केलं. मग एवढं रडवलं कशाला माझ्या सुनेला?"

सुनेला नव्हे, माझ्या सुनेला. हे मी भाषांतर केलं नाही. माझ्यापुरतं ठेवलं.

ब्रान्डेसनी एक लाल फेनिग खिडकीच्या उजेडात धरला. "या टांकसाळीतून बाहेर पडल्यापासून यांना असं कुणी पाहिलेलं नाही," ते म्हणाले. "मी चाळीस वर्षं ही नाणी बघतोय. मीही नाही."

मग माझ्याकडे वळून मास्तरी आवाजात म्हणाले, "पण हे पुन्हा व्हायचं नाही, फ्राउ वडके. दुसऱ्या पेटीला असं झालं असतं तर मी इथं बसून रडलो असतो."

"दुसऱ्या? म्हणजे ही..."

"ही सरावाची होती. अशी एकसारखी तळघरात पोत्यानं पडलीत. नव्या माणसाच्या हाती कुणी चांगला माल देतं का पहिल्यांदा?"

मला हसावं की रागवावं कळेना. आठवडाभर मी ज्या नाण्यांवर श्वाससुद्धा जपून सोडत होते, ती म्हणजे बालवाडीतले मणी होते. मी त्या चुलीच्या कठड्यावरच टेकले. "मोड," मी आईंना सांगितलं. "त्यांच्या लेखीसुद्धा मोडच होती."

"मग? मी काय म्हणत होते!"

"आणि सोमवारी?" मी ब्रान्डेसना विचारलं.

"सोमवारी मी ही पेटी समितीपुढं ठेवणार आहे. शाळेतली मुलं मला नेहमी विचारतात, नवं असताना हे कसं दिसायचं? आता दाखवता येईल." त्यांनी टोपी नीट केली. "आणि तुमच्याबद्दल विचाराल तर... मी सगळं आयुष्य वर्गात काढलं. 'हे कुणी केलं?' या प्रश्नाला दोन हात वर आलेले आजच पाहिले. ते मी त्या गृहस्थांना सांगेन. बघू काय म्हणतात."

ते काय म्हणाले ते मला माहीत नाही. मंगळवारी मला म्युझियमची किल्ली मिळाली एवढं खरं.

निघताना ब्रान्डेसनी त्या लाल फेनिगांतला एक काढून आईंच्या हातावर ठेवला. "त्यांच्या झाडवाल्याला," म्हणाले. आईंनी तो कपाळाला लावला. मग उलटा केला, आणि मागची अक्षरं आता स्वच्छ दिसत होती. "शरयू, हे काय लिहिलंय?"

"एक फेनिग," मी वाचलं. "आणि खाली, शाइडेम्युंत्स."

"म्हणजे?"

मला वाटायचं, म्हणजे नुसते सुटे पैसे. पण ब्रान्डेस असा शब्द हातचा सोडणारे नव्हते. शाइडेन म्हणजे वेगळं होणं, ते म्हणाले. बाजारात घेणारा आणि देणारा शेवटच्या पैपर्यंत फिटले की आपापल्या वाटेनं जायला मोकळे. कुणाचं कुणाकडं काही राहत नाही. दोघांना सुटं करणारं नाणं, म्हणून शाइडेम्युंत्स. लग्न मोडतं त्यालासुद्धा आम्ही याच मुळातला शब्द वापरतो, असंही म्हणाले, आणि त्यांना वाटलं फार गमतीचं काही सांगितलं.

मी सगळं आईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि नाणं पदराच्या गाठीत बांधलं. वाटेत त्यांना एकच शंका होती.

"शेपूट दिसत नाही गं याला."

"झिजली असेल," मी म्हटलं. त्या दिवशी मी त्यांना काहीही दिलं असतं, शेपूट काय मोठी गोष्ट.

"झिजेल कशी? मागच्या बाजूला असणार. आता तिथं अक्षरं आलीत."

त्या रात्री आमटी झाली. उरल्या चिंचेची. मी तीन वाट्या प्यायले आणि आईंनी, न विचारता, चौथी वाढली.

त्यानंतर त्या महिनाभर राहिल्या. आमचं बोलणं भाजी आणि बर्फापलीकडे गेलं. कुठं कुठं गेलं ते सांगत बसत नाही. सासवासुनांचं बोलणं बाहेर सांगायचं नसतं. एवढंच सांगते, की मी म्युझियममधून आले की त्या विचारायच्या, "आज किती मारुती निघाले?" आणि मी त्यांना खरं सांगायचे, घोडे निघाले, मुकुट निघाले, आज एकही मारुती नाही. शनिवारी मात्र त्यांचा फेनिग घासायचा. चिंच संपली होती, म्हणून लिंबू. "चिंचेची सर नाही," असं प्रत्येक वेळी म्हणत.

मग त्यांचा जायचा दिवस आला. फ्रँकफर्टचा विमानतळ. जयवंत सामानाच्या रांगेत. आम्ही दोघी एका बाकावर. आईंनी पदराची गाठ सोडली, फेनिग काढला आणि माझ्या हातात दिला.

"हे तुझ्याकडं ठेव."

"का? तुमचा मारुती आहे तो. घरी देव्हाऱ्यात ठेवणार होतात ना?"

"ठेवणार होते. पण मास्तर काय म्हणाले, विसरलीस? हे हातात पडलं की फिटलं. दोघं सुटे, आपापल्या वाटेला." त्यांनी माझी मूठ मिटवली. त्यांचा हात खरखरीत, चिंचेनं आणि राखेनं आयुष्यभर कसलेला. "मला नाही सुटं व्हायचं. राहू दे काहीतरी तुझ्याकडं माझं."

डोळ्यांत पाणी, आणि तरी मनात इतकं मोकळं वाटत होतं की त्या दिवसाआधी तसं कधी वाटलं नव्हतं. दोन वर्षं त्या देशात मी कुणाची कोण आहे हे मला माहीत नव्हतं.

जयवंतनं हाक मारली. आई उठल्या. मी चुकून म्हणाले, "जाता?"

"जाते म्हणू नये गं," त्या रागावल्या. "येते म्हणावं. येते."

आणि आल्या. पुढल्याच वर्षी, पिशवीत विटेएवढी चिंच घेऊन. कस्टमच्या माणसानं ती बाहेर काढून विचारलं, हे कुणाचं? त्या छातीशी हात लावून म्हणाल्या, "इश."

आता आई नाहीत, ब्रान्डेसही नाहीत. आम्ही नाशिकला परत येऊनही बराच काळ झाला. फेनिग देव्हाऱ्यात आहे आणि दर शनिवारी मी तो चिंच-मिठानं घासते. संग्रहवाल्यांनी पाहिलं तर मला कोर्टात खेचतील. परवा नात शेजारी येऊन बसली, नाणं हातात घेतलं, निरखलं.

"आजी, हा मारुती ना? मग याची शेपूट कुठंय?"

"मागच्या बाजूला," मी सांगितलं.

तिनं उलटं करून पाहिलं. इतक्या वर्षांच्या घासण्यानं तिथली शाइडेम्युंत्सची अक्षरं केव्हाच निघून गेलीत. "इथं तर काहीच नाही," ती म्हणाली.

"नाही ना? मग बरं झालं," मी म्हटलं, आणि तिच्या हातावर चिंचेचा तुकडा ठेवला. "घास आता."